जुनी लॅन्सर, क्वार्टर मैल आणि ५०० एचपी: इंजिन कोणतं घ्यायचं, कसं बांधायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: 'काका, माझ्याकडे जुनी लॅन्सर १.५ पेट्रोल आहे. रस्त्यावर चालवायची नाही, फक्त क्वार्टर मैल पळवायची. ५०० एचपी हवेत. मित्सुबिशीचं ४जी६३ घालू, ऑक्टाव्हियाचं १.८ टर्बो घालू की सरळ टोयोटाचं २जेझेड? हातात पंधरा लाख आहेत.'

काका म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहितो. सव्वीस वर्षं कुर्ल्यात इंजिनं उघडतोय. तुझ्यासारखी मुलं येतात ती हाच आकडा घेऊन येतात, आणि मी प्रत्येकाला आधी हेच विचारतो: गाडी किती सेकंदांत पळवायची आहे? एचपीचा आकडा त्या उत्तरातून निघतो. उलटं केलंस तर इंजिन बांधून होईल, पण गिअरबॉक्स पहिल्या लाँचला, म्हणजे गाडी सुटतानाच, फुटेल आणि पैसे संपलेले असतील.

हिशोब करून बघू. क्वार्टर मैल म्हणजे ४०२ मीटर. ड्रॅगवाल्यांचं एक जुनं, अनुभवावर उतरलेलं सूत्र आहे. गाडीचं ड्रायव्हरसकट वजन पौंडात घे, त्याला एचपीने भाग, उत्तराचं घनमूळ काढ आणि ५.८२५ ने गुण. सेकंद मिळतात. तुझी लॅन्सर आतून रिकामी केली, केज (आतला संरक्षक पिंजरा) बसवला आणि तू आत बसलास की साधारण १०५० किलो धरू, म्हणजे २३१५ पौंड. ३०० एचपीला उत्तर येतं ११.५ सेकंद, ४०० ला १०.५, ५०० ला ९.७. आता नीट बघ. पहिल्या शंभर घोड्यांनी एक सेकंद कमावला, पुढच्या शंभरांनी पाऊण. आणि हे सूत्र टायर जमिनीला धरून आहेत असं गृहीत धरतं. तुझी गाडी पुढच्या चाकांवर चालते. लाँचला वजन मागे सरकतं, म्हणजे ज्या चाकांना पकड हवी तीच हलकी होतात. आपल्याकडे शर्यती होतात विमानाच्या धावपट्टीवर. अमेरिकेतल्या स्ट्रिपला चिकट थर देऊन तयार करतात तशी जमीन आपल्याला मिळेल असं धरून चालू नकोस. फ्रंट व्हील ड्राइव्हला वरच्या आकड्यांत अर्धा ते एक सेकंद सरळ मिळव.

म्हणून माझं उत्तर: चाकांवर नाही, फ्लायव्हीलवर (म्हणजे इंजिनाच्या टोकाला मोजलेले) ४०० एचपी. या पहिल्या गाडीला तेवढं ठेव, आणि इंजिन असं बांध की ५०० ची वेळ आली तर फक्त टर्बो आणि इंजेक्टर बदलावे लागतील.

आता तिन्ही इंजिनांबद्दल.

२जेझेड-जीटीई हे अप्रतिम इंजिन आहे. तीन लिटर, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ८६ मिलिमीटर, बीडाचा ब्लॉक, सात मेन बेअरिंग. त्याचं नाव उगाच झालेलं नाही. पण ते सहा सिलिंडर एका रांगेत असलेलं लांबलचक इंजिन आहे, सुप्रासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी बनलेलं. लॅन्सरमध्ये ते आडवं बसत नाही. उभं बसवायचं तर फायरवॉल कापा, टनेल बनवा, मागे डिफरन्शियल आणा, टाकी हलवा. पंधरा लाख तिथेच संपतील आणि इंजिनाचा एक बोल्टही उघडलेला नसेल. तो विचार सोड.

ऑक्टाव्हियाचं वीस व्हॉल्व्हचं १.८ टर्बो मला मनापासून आवडतं. आपल्याकडच्या व्हीआरएसमध्ये ते १५० एचपीचं यायचं आणि नुसत्या ट्यूनवर खुश व्हायचं. पण त्याचे मूळ कनेक्टिंग रॉड बारीक आहेत. साधारण ३५० न्यूटन-मीटरच्या पुढे, तेही कमी आरपीएमला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) चढवला, की रॉड वाकतात. रॉड बदलता येतात, पण तुझ्या लॅन्सरमध्ये ते बसवायचं तर माउंट, गिअरबॉक्स, अॅक्सल, वायरिंग सगळं परकं. हे इंजिन हवं असेल तर ऑक्टाव्हियाच घे.

राहिलं ४जी६३. तुझ्यासाठी हेच. हे इंजिन इव्होचं, म्हणजे लॅन्सरच्या टर्बो आवृत्तीचं. इव्हो ४, ५ आणि ६ या आपल्या जुन्या लॅन्सरच्याच घराण्यातल्या, त्यामुळे माउंट आणि जागा यांची मारामारी सगळ्यात कमी. १९९७ सीसी, बोअर ८५, स्ट्रोक ८८, बीडाचा ब्लॉक, टर्बो मॉडेलला फोर्ज्ड क्रँक. एक गोष्ट विकत घेताना पक्की विचार: इव्हो १ ते ३ मध्ये इंजिनाची मांडणी एका दिशेला आहे, ४ पासून पुढे ते १८० अंश फिरवलेलं आहे. 'इव्होचं इंजिन आहे' एवढ्यावर पैसे देऊ नकोस.

हाफ-कट (इंजिनासकट कापलेली अर्धी जुनी गाडी) घेशील तेव्हा सीएसटी रोडच्या जुन्या पार्टच्या बाजारात दुकानदार इंजिन चालू करून आवाज ऐकवेल. आवाजाने काही कळत नाही. लीक-डाउन टेस्ट कर (सिलिंडरमध्ये हवा भरून किती गळते ते बघ), आणि क्रँकचा पुढे-मागे खेळ डायल गेजने मोज. पाव मिलिमीटरच्या पुढे खेळ असलेला क्रँक मी हातात घेत नाही, कितीही स्वस्त असो. सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवायला नकार दिला तर पुढचं दुकान बघ.

पुढचं जरा सावकाश वाच, कारण रॉड कसा आणि का मोडतो हे इथे कळतं. एचपी म्हणजे न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७०२४. ४०० एचपी तू ५००० आरपीएमला काढलेस तर टॉर्क लागतो ५६२ न्यूटन-मीटर. तेच ४०० तू ७५०० ला काढलेस तर ३७५ पुरतात. घोडे तेवढेच, पण पिस्टनवर बसणारा घाव एक तृतीयांशाने कमी. टॉर्क रॉडला दाबून वाकवतो. आरपीएम मात्र रॉडच्या बोल्टला ओढून तोडतं: एक्झॉस्ट स्ट्रोकच्या टोकाला पिस्टन वर फेकला जातो, त्याला धरणारं गॅसचं दडपण तेव्हा नसतं, सगळा ताण बोल्टवर. आणि तो ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ७००० वरून ८००० वर गेलास की तीस टक्के जास्त.

ड्रॅगच्या गाडीला खालचा टॉर्क लागत नाही. लाँचनंतर इंजिन ५५०० च्या खाली येतच नाही. म्हणून थोडा मोठा टर्बो घे, जो ४५०० नंतर जागा होईल, आणि बूस्ट हळूहळू चढव. ८८ च्या स्ट्रोकला ८००० आरपीएमवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेतेवीस मीटर होतो. चांगले रॉड आणि बोल्ट असतील तर हे सुखाने झेपतं. ८००० ला लिमिटर लाव आणि तो वर सरकवायचा मोह टाळ. हवेचा हिशोबही सोपा आहे. मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे ढोबळमानाने दहा एचपी. तुला चाळीस पौंड हवा हवी. टर्बोच्या नकाशावर तो आकडा मधल्या भागात पडायला हवा, काठावर नाही.

पिस्टन फोर्ज्ड घे, २६१८ या अॅल्युमिनियम मिश्रधातूचे. ४०३२ मध्ये सिलिकॉन जास्त असतं, ते कमी फुगतं, थंड असताना आवाज करत नाही, रोजच्या गाडीला उत्तम. २६१८ जास्त फुगतं म्हणून भिंतीपाशी जागा जास्त ठेवावी लागते, पण नॉकिंगचा, म्हणजे इंधन अवेळी भडकल्याचा, एखादा फटका बसला तर ते दबतं, तडकत नाही. ट्रॅकवर ट्यून शिकणाऱ्याला हीच मुभा हवी. कॉम्प्रेशन ८.५ ते ९. रॉड एच-बीम. बॅलन्स शाफ्ट काढून टाक. ४जी६३ मध्ये त्यांना वेगळा छोटा बेल्ट असतो. तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये गुंतला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

आता मशीन शॉप. पार्टचा खोका कोणत्या कंपनीचा यापेक्षा इथे काय होतं त्यावर इंजिनाचं आयुष्य ठरतं. मुंबईत बोअरिंगवाले पुष्कळ आहेत आणि त्यांचा हात चांगला आहे, पण तो टॅक्सी आणि टेम्पोच्या इंजिनावर बसलेला आहे. तिथे 'पिस्टन टाक, सरकतो ना, बस' चालतं. तुझ्या इंजिनाला चालत नाही. ब्लॉकवर जाडजूड टॉर्क प्लेट बोल्टने आवळून मगच होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून घासून नेमक्या मापाला आणणं, करायला सांग. हेडचे स्टड आवळले की सिलिंडर गोल राहत नाही, किंचित वेडावाकडा होतो. प्लेट लावून घासलं तर हेड बसल्यावर तो गोल होतो. प्लेट नसेल तर बनवून घे. तुझ्या कामाची असेल आणि पुढच्या इंजिनालाही लागेल.

माझे आकडे लिहून ठेव. ८५ च्या बोअरला, टर्बोसाठी, २६१८ चा पिस्टन: भिंतीपाशी ०.०९ ते ०.१० मिलिमीटर. वरच्या रिंगची फट अर्धा मिलिमीटर, दुसरीची त्याहून पाच शतांश जास्त. मेन बेअरिंगला ०.०५ ते ०.०६. पिस्टन बनवणाऱ्याने कागदावर वेगळं दिलं असेल तर त्याचं ऐक. रिंगची फट कमी राहिली तर तापल्यावर दोन टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला जायला जागा उरत नाही आणि पिस्टनचा काठ उचकटून येतो. बरेच जण याला ट्यूनची चूक समजतात. बेअरिंग मोजायला मायक्रोमीटर आणि बोअर गेज वापर. प्लॅस्टिगेजची पट्टी मी फक्त खात्रीसाठी लावतो. आणि गेज आणि ब्लॉक दोन्ही एकाच तापमानाला असू दे. दुपारच्या उन्हातून आणलेला ब्लॉक एसीच्या खोलीत लगेच मोजलास तर आकडा खोटा येतो.

धुण्याबद्दल सांगतो, कारण याने मला एक इंजिन गमवायला लावलं. २०११ ची गोष्ट. ब्लॉक मशीनवरून धुऊन आला होता, चकाचक. मी विश्वास ठेवला आणि बांधला. चौथ्या रनला तिसऱ्या सिलिंडरचं रॉड बेअरिंग फिरलं. उघडलं तर क्रँकच्या जर्नलवर बारीक समांतर ओरखडे. ऑइल गॅलरीचे प्लग काढलेच नव्हते. होनिंगची कणी आतल्या वळणावर बसून राहिली होती आणि तेलाच्या दाबाने हळूहळू बाहेर आली. मालकाचे पैसे मी भरून दिले, कारण तपासणं माझं काम होतं. त्या दिवसापासून प्रत्येक ब्लॉकचे गॅलरी प्लग मी स्वतः काढतो. लांब ब्रशने, गरम पाणी आणि कपड्याच्या पावडरीने प्रत्येक भोक घासतो. मग जुन्या धोतराचा पांढरा तुकडा तेलात भिजवून बोअरमधून फिरवतो. पहिल्यांदा तो राखाडी येतो. दुसऱ्यांदाही. आठ-दहा फडकी होतात. फडकं पांढरंच बाहेर आलं की ब्लॉक स्वच्छ. पेट्रोल किंवा डिझेलने हे होत नाही, कणी रेघांमध्ये तशीच राहते. आणि आपल्या हवेत, पावसाळ्यात तर विशेष, धुतलेल्या बोअरवर डोळ्यांदेखत तांबूस गंज चढायला लागतो. म्हणून तेलाचं फडकं आधी हाताशी ठेव, मग पाण्याचा पाइप उचल.

रॉडचे बोल्ट टॉर्क पान्यावर सोडू नकोस. पाना घर्षण मोजतो. बोल्ट किती ताणला गेला ते स्ट्रेच गेजने बघ आणि प्रत्येकाचा आकडा वहीत लिही. इंजिन पुन्हा उघडशील तेव्हा तोच बोल्ट सैल करून त्याची लांबी मोज. मूळ लांबीपेक्षा वाढलेला असेल तर फेकून दे.

इंधन हा दुसरा विषय ज्यात आपल्या मुलांची इंजिनं जातात. पंपावर आता मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणून मीटरवरचा एअर-फ्युएलचा आकडा सोडून दे आणि लॅम्डा बघायला शिक (१ म्हणजे हवा नेमकी लागते तेवढी, त्याखाली म्हणजे इंधन जास्त). बूस्टमध्ये ०.७८ ते ०.८० वर राहा. मुंबईत निवडक पंपांवर १०० ऑक्टेन मिळतं. इंडियन ऑइलने ते २०२० च्या डिसेंबरमध्ये आणलं. मी ४०० च्या गाडीला तेच देतो. पण काहीही घे, ज्यावर ट्यून केलंस त्यावरच पळव. ज्या ड्रममधलं पेट्रोल घेऊन डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) गेलास तोच ड्रम धावपट्टीवर ने. शंका आली तर काचेच्या मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घाल, हलव, ठेवून दे. पाणी इथेनॉलला ओढून घेतं आणि खाली बसतं. खालचा थर २८ च्या आसपास दिसला तर इथेनॉल वीस टक्के आहे. उघडा कॅन पावसाळ्यात ठेवू नकोस, इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं.

इंजेक्टर चारही मिनिटाला १००० सीसीचे घे. ४०० एचपीला साध्या पेट्रोलवर आठशेच्या जवळ लागतात, वरचं इथेनॉलसाठी. पूर्ण ताकदीत ताशी दीडशे लिटरच्या आसपास जातं, म्हणजे एका रनला अर्धा लिटर. पंप ताशी ३४० लिटरचा लाव, कारण बूस्टचा दाब चढला की पंपाचा ओघ कमी होतो. प्लग एक पायरी थंड, फट ०.६. प्रत्येक रननंतर प्लग काढून भिंगातून बघ. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर नॉकिंग झालंय, कानाला ऐकू आलं नसलं तरी. दोन अंश टायमिंग मागे घे आणि मगच पुन्हा रांगेत उभा राहा.

आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर जाणार असशील तर उंची लक्षात घे. लोणावळाच समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या जवळ आहे. तिथे हवेचा दाब आपल्यापेक्षा सात टक्क्यांच्या आसपास कमी. टर्बो ती कसर भरून काढतो, पण जास्त फिरून, म्हणजे जास्त गरम हवा देऊन. पाण्यावरचा इंटरकूलर लाव आणि त्याच्या टाकीत बर्फ टाक. घाट चढायच्या आधी खोपोलीत लादी घेऊन गोणपाटात गुंडाळली की दुपारपर्यंत टिकते.

गिअरबॉक्सवर फार लिहीत नाही. दीड लिटरच्या लॅन्सरचा बॉक्स वापरायचा नाही, टर्बोच्या ४जी६३ सोबत येणारा घे, लिमिटेड स्लिप डिफरन्शियल टाक, अॅक्सल जाड कर. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्टँडअलोन, म्हणजे स्वतंत्र, असावा आणि त्यात गिअरप्रमाणे बूस्ट बदलता यावा. पहिल्याला अर्धा, दुसऱ्याला पाऊण, तिसऱ्यापासून पूर्ण. पंधरा लाखांतले पाच इंजिनाला, पाच गिअरबॉक्स, अॅक्सल, टायर आणि सस्पेन्शनला, तीन ईसीयू, इंधन आणि डायनोला, दोन हात न लावता बाजूला. इंजिनाला पाचच का, असं विचारशील. रननंतर हातात पडणाऱ्या वेळेच्या स्लिपवर दोन आकडे येतात. शेवटचा वेग सांगतो घोडे किती, सेकंद सांगतात ते जमिनीवर उतरले किती. वेग दोनशेच्या पुढे आणि वेळ तेरा सेकंद असल्या स्लिपा माझ्या गल्ल्यात पडून आहेत. पहिल्या अठरा मीटरमध्ये एक दशांश वाचवलास तर शेवटी दीड ते दोन दशांश मिळतात, आणि तो दशांश टायर आणि क्लच देतात.

एक गोष्ट स्पष्ट. ही गाडी रस्त्यावर येणार नाही. इंजिन बदलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये सापडतं, आणि रस्त्यावर शर्यत लावणं कलम १८९ मध्ये. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर रात्री काय होतं ते मला सांगू नकोस. त्यातली दोन मुलं माझ्या ओळखीची होती. ट्रेलर घे, एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं) लायसन्स काढ, केज आणि पाच पट्ट्यांचा बेल्ट इंजिनाच्या आधी बसव.

आणि पहिलं स्टार्ट. प्लग काढून ठेव, इंजेक्टरचा फ्यूज काढ, आणि तेलाचा दाब गेजवर चढेपर्यंत स्टार्टर दहा-दहा सेकंद फिरव. मग प्लग बसवून चालू कर, साधं मिनरल तेल टाकून. चालू झालं की आयडलला सोडू नकोस, लगेच भार दे, रिंग पहिल्या अर्ध्या तासातच बसतात. वीस मिनिटांनी बंद कर, तेल काढ, फिल्टर करवतीने काप. आतला कागद उलगड, पिळून तेल काढ आणि उन्हात धर. पहिल्या फिल्टरमध्ये थोडी राखाडी धूळ येतेच, ती रिंगची. पन्नास किलोमीटरएवढं डायनोवर फिरवून दुसरा फिल्टर काप. त्यात तांब्याच्या रंगाची एक जरी चमक दिसली तरी ट्रेलर परत पाठव आणि सम्प उघड.